एकाच काडीत

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार उजाडला आणि हिल्का तळ्याकाठचं घर बंद करायला लागली. दिवस ठरलेला, कामांचा क्रमही ठरलेला. आधी गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या, मग पडदे ओढायचे, मग पंप तळ्यातून वर काढायचा आणि पाइपातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत सांडून टाकायचं, नाहीतर जानेवारीत पाइप फुटलाच म्हणून समजा. बादल्या पालथ्या घालायच्या, उंदरांचे सापळे कोपऱ्यात लावायचे. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं एकटीनं करायची ही कामं नव्हेत, असं कुणी तिला सांगायला गेलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पोस्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेली बाई ती. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

यंदा तर तिचा पारा चढलेलाच होता, आणि तोही आज सकाळपासून नव्हे, जुलैपासून. कारण एकच, तिचा भाऊ ओइवा.

ओइवा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. घर दोघांचं, वडिलांनी स्वतःच्या हातानं ओंडक्यांवर ओंडके चढवून बांधलेलं. पण गेली अकरा वर्षं भाऊ-बहीण या घरात एकमेकांसमोर आले नव्हते. बर्फ वितळला की मे महिन्यात ओइवानं यायचं, घर उघडायचं, जुलैच्या मध्यापर्यंत राहायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी हिल्कानं यायचं आणि ऑक्टोबरात कुलूप लावायचं. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. अबोला धरला की अशा गोष्टी आपोआप ठरतात.

अबोला आईवरून झाला. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात ओइवानं तिला ऑगस्टच्या अखेरीलाच इथून उचलून कुओपिओला, आपल्या शहरातल्या घरी नेलं. रात्री गार पडतं, तिला सोसत नाही, असं तो म्हणाला. आईला जायचं नव्हतं. घर बंद होईपर्यंत मी इथेच राहणार, असा तिचा हट्ट होता. तीन आठवड्यांत ती तिथे शहरातच वारली. अंत्यविधीनंतर सगळे नातेवाईक कॉफीला बसले असताना हिल्का भरल्या टेबलासमोर म्हणाली, "आईला तू मारलंस." ओइवानं हातातला कप बशीत ठेवला, टोपी घेतली आणि तो बाहेर पडला. त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. आपण बोललो ते खरं नव्हे, हे हिल्काला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तोंडानं कबूल करणं वेगळं.

आता या घरात एक रीत होती. जो घर सोडून जाईल त्यानं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या लाकडी खोलीच्या, चुलीत लाकडं रचून ठेवायची. खाली बर्च झाडाची साल, वर बोटाएवढ्या बारीक ढलप्या, त्यावर चिरलेली फाटी, आणि चुलीच्या दारापाशी काडेपेटी. येणारा माणूस दमूनभागून, गारठून येतो. त्यानं फक्त काडी ओढायची. वडील म्हणायचे, नीट रचलेली चूल एका काडीत पेटते, दुसरी लागली तर रचणाऱ्याला काही येत नाही. हिल्काची चूल लहानपणापासून एका काडीत पेटायची. ओइवाची कधीच नाही. ती त्याला 'दुकाड्या' म्हणायची, आणि तो पोरगा खरोखर चिडून रडायचा.

आई गेली त्या ऑक्टोबरात हिल्कानं घर बंद केलं, पण चूल रचली नाही. नुसतं तेवढंच नाही, तर शेवटच्या सौनाची राखही तशीच ठेवली. उघड म्हणावं दार, आणि घे राख. पुढच्या जुलैत ती आली तेव्हा चूल रचलेली होती. साल, ढलप्या, फाटी, काडेपेटी, सगळं जिथल्या तिथे. तिनं ती पेटवली (दोन काड्या लागल्या), सौना घेतला, आणि ऑक्टोबरात पुन्हा राख तशीच ठेवून निघून गेली. असं दहा वर्षं चाललं. ती राख ठेवायची, तो चूल रचायचा. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आणि यंदा जुलैत तिनं चुलीचं दार उघडलं, तर आत तिचीच राख. गेल्या ऑक्टोबरातली, ओल धरून दगड झालेली. ढलपी नाही, साल नाही, काडेपेटी नाही. अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. होडी शेडमध्ये उलटी पडलेली, पाण्यात घातलेलीच नाही.

"आला शेवटी माझ्याच पातळीवर," असं ती त्या दिवशी मोठ्यानं म्हणाली आणि दार आपटलं. वाटायला हवं होतं बरं, फिट्टंफाट झाली म्हणून. पण तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीनच राग आला.

भिंतीवर खिळ्याला एक निळ्या पुठ्ठ्याची वही टांगलेली असायची. पहिल्या पानावर वडिलांच्या अक्षरात दोन नियम होते. 'यात तळं, लाकूड आणि हवा लिहायची. माणसांचं रडगाणं नको.' आणि त्याखाली, 'खोटं लिहायचं नाही. माशाचं वजनसुद्धा.' साठ वर्षं सगळ्यांनी ते पाळलं होतं. ओइवाची दर मेमधली नोंद एकाच साच्यातली असायची: बर्फ अमुक तारखेला गेला, पाणी इतके अंश, राख काढली. 'राख काढली' हे दोन शब्द वाचून हिल्काला दरवर्षी थोडं बरं वाटायचं. झोंबलं म्हणायचं त्याला. यंदाची नोंद मात्र वेगळी होती.

'११ मे. बर्फ ३ तारखेला गेला. पाणी ७ अंश. होडी शेडमध्येच. खाली सौनापर्यंत गेलो नाही. पायऱ्या फार आहेत.'

पायऱ्या फार आहेत! एकेचाळीस पायऱ्या. वडिलांनी घातल्या तेव्हापासून एकेचाळीस. सौना अगदी पाण्याला लागून हवा, असा हट्ट लहानपणी हिल्कानं धरला होता. वडिलांनी तो पुरवला, आणि ओइवा जन्मभर तिला त्यावरून बोलायचा. म्हणजे हा टोमणा होता, दुसरं काय. उन्हाळाभर तिनं तो दिवसागणिक चघळला. होडीला तर हातसुद्धा लावला नाही. होडी पाण्यात घालणं त्याचं काम, त्यानं केलं नाही, तर मीही किनाऱ्यावरून गळ टाकीन. आणि खरोखरच अडीच महिने तिनं किनाऱ्यावरून गळ टाकला. बोटाएवढे मासे मिळाले.

अकराच्या सुमाराला ताइस्तो आला. रस्त्यापलीकडच्या शेतावर राहणारा, हिल्काच्याच वयाचा, हिवाळाभर या घरांवर नजर ठेवणारा माणूस. कमी बोलणारा, इतका की त्याची बायको हयात असताना म्हणायची, आमच्या घरात कुत्रा जास्त बोलतो. दर ऑक्टोबरात तो लाकडी धक्का पाण्याबाहेर ओढायला यायचा. बर्फानं खांब मुरगाळू नयेत म्हणून धक्क्याचे तीन तुकडे सोडवून वर आणावे लागतात. दोघांनी रबरी बूट घातले, पाण्यात उतरले. काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, पायाखाली तो काचेसारखा मोडत होता. हिल्कानं दोर ओढला, ताइस्तोनं खालून ढकललं, आणि तासाभरात तिन्ही तुकडे गवतावर आले.

मग दोघं पायऱ्यांवर बसले. हिल्कानं थर्मासमधली कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव फडक्यातून काढला. ताइस्तोनं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तळ्याकडे बघत विचारलं, "मेमध्ये घर कोण उघडणार आहे?"

"कोण म्हणजे? दरवर्षी जो उघडतो तोच."

हिल्काला वाटलं, नेहमीसारखं संपलं याचं बोलणं. पण तो कप हातात धरून तसाच बसला, आणि कपातली कॉफी निवत चालली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तू मला सांगितलं होतंस, त्याचं नाव तुझ्यापुढे काढायचं नाही."

"सांगितलं होतं. मग?"

"मग मी काढलं नाही. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. भाऊ तुझा."

नंतर त्यानं सांगितलं ते असं. ओइवाला एप्रिलमध्ये अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय ओढत चालायचा. तरी मेमध्ये घर उघडायला हवं म्हणून हट्टानं आला. मुलगा लाउरी गाडीतून घेऊन आला होता. दोन दिवस राहिले. सौनापर्यंत जायला निघाला, तर पाचव्या पायरीवर बसला तो बसलाच, लाउरीनं आणि ताइस्तोनं धरून वर आणला. दुसऱ्या दिवशी तो दुपारभर अंगणातल्या ओंडक्यावर बसून डाव्या हातानं ढलप्या काढत होता. कुऱ्हाड सारखी निसटत होती. ताइस्तो म्हणाला, दे इकडे, पाच मिनिटांत करतो. तर ओइवानं कुऱ्हाड पाठीमागे धरली. या मीच करणार, म्हणाला, या हिल्कासाठी आहेत.

"आणि आता?" हिल्कानं विचारलं.

"सप्टेंबरात दुसरा झटका आला. कुओपिओच्या इस्पितळात आहे. सगळं समजतं म्हणे. बोलता येत नाही."

हिल्का उठली. कप धुवायला हवे होते, ते धुतले. धुतलेले कप पुन्हा धुतले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती: ढलप्या केल्या म्हणतो, तर मग त्या गेल्या कुठे? चूल तर रिकामी होती. आजारी माणसाबद्दल असा हिशेबी विचार येतो म्हणजे आपण कसल्या बाई आहोत, असं तिला वाटलं. पण विचार जाईना.

शेवटचं काम डब्यांचं होतं. साखर, पीठ, कॉफी, ओट, सगळे डबे हिवाळ्यात आईच्या पाव भाजायच्या भट्टीत ठेवायचे, कारण तिला लोखंडी दार आहे आणि उंदीर आत जाऊ शकत नाही. आई गेल्यापासून त्या भट्टीत पाव भाजला गेला नव्हता. हिल्काच्या हातानं ती वर्षातून एकदाच उघडायची, ऑक्टोबरात, डबे आत सरकवायला. मेमध्ये ते डबे बाहेर काढायचं काम ओइवाचं. उन्हाळाभर ती स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करायची आणि भट्टीच्या दाराकडे पाठ करून जेवायची.

तिनं दोन डबे काखेत धरले आणि दुसऱ्या हातानं दार उघडलं.

आत चूल रचलेली होती.

खाली बर्चची साल, कडा आत वळलेल्या. वर ढलप्या. काय त्या ढलप्या! एक अंगठ्याएवढी, एक मनगटाएवढी, एकीला अर्ध्यात कुऱ्हाड अडकून पडलेली खाच. एकही सरळ नाही. लहान पोरानं रचावीत तशी ती लाकडं वाकडीतिकडी एकमेकांवर टेकली होती. दारापाशी काडेपेटी, उघडून, काड्यांची डोकी बाहेरच्या बाजूला येतील अशी ठेवलेली. पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून त्यानं ती इथे रचली होती. वहीत लिहिलं नव्हतं, कारण रचलेल्या चुलीबद्दल कुणी कधी लिहीत नसे, आणि स्वतःच्या पायाबद्दल लिहायला वडिलांची बंदी. बहीण घरात राहणार, तीन महिन्यांत एकदा तरी भट्टीचं दार उघडेल, असं त्याला वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं.

हिल्का जमिनीवरच बसली. डबे घरंगळत टेबलाखाली गेले. सबंध उन्हाळा ती या भट्टीला पाठ करून जेवली होती, आणि प्रत्येक घासाला भावाला शिव्या दिल्या होत्या. पण खरं दुःख तिला त्याचं झालं नाही. तिला आठवले ते आधीचे दहा मे महिने. बर्फावरून येणाऱ्या वाऱ्यात कुडकुडत तो खाली जात असेल, चुलीचं दार उघडत असेल, आणि आत बहिणीची राख. एकदा नव्हे, दहा वेळा. आणि दहाही वेळा त्यानं ती खरवडून काढली आणि नंतर तिच्यासाठी लाकडं रचली. तिनं काय केलं? वहीतलं 'राख काढली' वाचून तिला बरं वाटलं.

ताइस्तो दारात उभा होता. त्यानं भट्टीकडे पाहिलं, हिल्काकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

"घर बंद करायचंय," तो म्हणाला. "आता पेटवलीस तर धुराड्याची झडप लावता येणार नाही. निखारे आहेत तोवर तर नाहीच."

"माहितीय मला."

"नाही, म्हटलं सांगावं. मी उद्या सकाळी येऊन लावतो झडप. तू पेटव."

तिनं काडी ओढली. सालीला धरली. साल पाच महिने तिथे पडून ओलसर झाली होती. ती काळी झाली, धुरकटली, विझली. तिनं दुसरी ओढली. ढलपी जरा तांबडी झाली आणि विझली. वाटलं तर तिला एका क्षणात ती सगळी लाकडं काढून नीट रचता आली असती, डोळे मिटूनसुद्धा. पण तिनं एकाही लाकडाला हात लावला नाही. तिसऱ्या काडीला तिनं तळव्यांचा आडोसा केला आणि हळू फुंकर घातली. साल तडतडली, ज्वाळा त्या खाच पडलेल्या ढलपीवर चढली, आणि आईची भट्टी अकरा वर्षांनी घरघरायला लागली.

मग ती म्हणाली, "लाउरीचा नंबर आहे तुझ्याकडे?"

लाउरी इस्पितळातच होता. आत्या बोलतेय म्हटल्यावर त्यानं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाला, बाबा जागे आहेत, फोन कानाला लावतो, पण उत्तराची वाट बघू नका. नंतर कापडाची सळसळ झाली आणि श्वास ऐकू यायला लागला. जड, एका बाजूनं येणारा.

हिल्काकडे अकरा वर्षं एक वाक्य तयार होतं. आई तुझ्यामुळे गेली नाही. चार-पाच शब्दांचं वाक्य. रात्री अंथरुणात तिनं ते शंभरदा म्हटलं होतं. आता ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. वहीत लिहितात तसलंच तोंडातून बाहेर पडायला लागलं.

"ओइवा. मी हिल्का. पाणी पाच अंश आहे. धक्का वर काढला. काठाला बर्फ धरतोय." ती थांबली. श्वास तसाच येत होता. "आणि भट्टी पेटवली. तू रचलेली. एका काडीत पेटली, ओइवा. एकाच काडीत."

पलीकडून आवाज आला. शब्द नव्हता तो. हसू होतं की रडू, हे लाउरीलाही सांगता आलं नाही. तो फोनवर आला आणि म्हणाला, बाबांनी डावा हात वर केलाय, एक बोट दाखवतायत, याचा अर्थ काय? हिल्का म्हणाली, त्यांना माहितीय याचा अर्थ. मी उद्या येते, म्हणाली. उद्या येते म्हणून सांग त्यांना. खरं म्हणजे गेल्या अकरा वर्षांत कधीही दोन तासांत पोचता आलं असतं, हे तिला त्याच वेळी कळलं, आणि फोन ठेवल्यावर ती बांध फुटल्यासारखी रडली. ताइस्तो बाहेर जाऊन शेडचं कुलूप दोनदा तपासून आला.

मग ती उठली. तोंड धुतलं, टोपलीत लाकडं भरली आणि एकेचाळीस पायऱ्या उतरून सौनात गेली. चुलीतली राख काढली. कोपऱ्यातली बोटांनी खरवडली. खाली साल घातली, वर बारीक ढलप्या, त्यावर फाटी, सगळं वडिलांनी शिकवलं होतं तसं. काडेपेटी दारापाशी ठेवली. येत्या मेमध्ये ओइवा या पायऱ्या उतरणार नाही, हे तिला माहीत होतं. कोण उतरेल, लाउरी की आणखी कुणी, की कुणीच नाही, हे माहीत नव्हतं. तरी तिनं ती रचली.

वर आल्यावर तिनं खिळ्यावरची वही काढली आणि लिहिलं. 'पाणी ५ अंश. धक्का वर. सौनातली राख काढली. चूल रचली. ओइवानं रचलेली भट्टी पेटवली. एका काडीत.' लिहून झाल्यावर तिनं वही टेबलावर उघडीच ठेवली, शाई वाळायला.

ताइस्तोनं चष्मा लावून ती नोंद वाचली. त्यालाही पहिल्या पानावरचे नियम ठाऊक होते. लहानपणी एका माशाचं वजन फुगवून लिहिलं म्हणून हिल्काच्या वडिलांनी त्यालाही झापलं होतं. त्यानं वही मिटली. भट्टीसमोरच्या दगडावर जळालेल्या तीन काड्या पडल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून तो वाकला, त्या एकेक करून वेचल्या, भट्टीचं दार उघडून निखाऱ्यांवर टाकल्या आणि दार लावलं.

"कॉफी उरलीय का गं?" तो म्हणाला.

हिल्कानं टेबलाखालून कॉफीचा डबा काढला.